वाचक विचारतात: घरी घड्याळ जोडताना

मागच्या महिन्यात याच पानावर मी सुटे पार्ट आणून घरच्या टेबलावर ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं) घड्याळ कसं जोडलं ते लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की संपादक म्हणाले, या वेळी नुसती प्रश्नोत्तरंच होऊ देत. निम्मे प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतात, ती म्हणजे फर्स्ट कॉपी, मोठ्या कंपनीच्या घड्याळाची हुबेहूब नक्कल. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न: काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोलेक्स सबमरिनर मला शाळेपासून आवडतं, पण ओरिजिनल काय आपल्याला झेपणार नाही. ऑनलाइन केस (घड्याळाचं बाहेरचं कवच), काच, बेझल (काचेभोवतीची कडी), मुकुटाचं चिन्ह असलेलं डायल, सगळं सुटं मिळतं, आत सिकोचं एनएच ३५ मशीन टाकलं की झालं. मी विकणार नाहीये, फक्त स्वतः घालणार. मग यात चूक काय? (एक विद्यार्थी, नाशिक)

अरे, तू प्रश्न सरळ विचारलास ते बरं केलंस. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी सुट्या करू. आकार, मशीन आणि नाव.

आकाराचं म्हणशील तर फिरणारी बेझल, काळं डायल, मोठे चमकणारे ठिपके, जाड काटे हे डायव्हर म्हणजे पाणबुड्यांच्या घड्याळाचं रूप १९५३ पासूनचं आहे, ब्लांपां या स्विस कंपनीचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरिनर दोन्ही त्याच सुमाराची, आणि नंतर जपानपासून स्वित्झर्लंडपर्यंत झाडून सगळ्या कंपन्यांनी तसली घड्याळं काढली. आपल्याकडे २००० सालच्या डिझाइन कायद्यात नोंदवलेल्या डिझाइनला आधी १० आणि वाढवून घेतली तर आणखी ५ अशी १५ वर्षंच संरक्षण मिळतं. काही कंपन्या आपला खास आकार ट्रेडमार्क म्हणूनही नोंदवून ठेवतात, म्हणून एखाद्या मॉडेलची रेघ न् रेघ उतरवायच्या मागे लागू नकोस, पण डायव्हरसारखं दिसणारं घड्याळ जोडायला कुणाची आडकाठी नाही. मशीनचं तर काहीच नाही, एनएच ३५ सिकोच्या ग्रुपमधलीच कंपनी बनवते आणि दुसऱ्यांच्या घड्याळात घालायलाच विकते.

राहिलं नाव. तू जे डायल घेणार आहेस ते रोलेक्सनं छापलेलं नाही, कुणीतरी तिसऱ्यानं दुसऱ्याचं नाव आणि चिन्ह छापून विकायला ठेवलंय, आणि ते डायल केसमध्ये बसवून झाकण लावणारा तू असणार. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०३, दुसऱ्याचा ट्रेडमार्क मालावर खोटा लावला तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. त्यातून सुटायचं तर फसवायचा हेतू नव्हता हे आपण सिद्ध करायचं असतं. तुझ्या दारात उद्या पोलीस येतील असं मी म्हणत नाहीये, उगाच घाबरवायचं नाहीये मला. पण 'विकणार नाही' एवढ्यानं गोष्ट संपत नाही, कारण घड्याळ माणसापेक्षा जास्त टिकतं रे. तू नाही विकलंस तरी पाच वर्षांनी भावाला देशील, भाऊ पैशाची नड आली की ओएलएक्सवर टाकेल, आणि ते नाशिकच्या पोरानं हौसेनं जोडलेलं होतं हे पुढच्या माणसाला सांगायला तू तिथं नसशील.

माझ्या मामांना रिटायर होताना ऑफिसातल्या लोकांनी वर्गणी काढून एका मोठ्या स्विस कंपनीचं घड्याळ दिलं होतं, कुणाच्या तरी ओळखीतून घेतलेलं, 'ओरिजिनलच आहे, फक्त बिल नाही' असं सांगून. दोन वर्षांनी ते मागं पडायला लागलं म्हणून मामा माझ्याकडे घेऊन आले. मी झाकण उघडलं, आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) लावला, तर रोटरवर (हात हलला की फिरून चावी भरणारा भाग) कंपनीचं नाव कोरलेली पातळ चकती वरून चिकटवलेली, नखानं जरा उचलली तर सुटून आली आणि खाली साधं चिनी मशीन. मामा समोरच्या खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मला काही बोलावंच लागलं नाही. ते एवढंच म्हणाले, 'लाव ते झाकण परत, आणि ऑफिसातल्या कुणाला कळू देऊ नको, बिचाऱ्यांनी पैसे काढले होते.' तेही घड्याळ कुणीतरी कुठंतरी टेबलावर बसून जोडलंच होतं ना. त्यानं कदाचित नीट तेल घातलं असेल, काटे सरळ बसवले असतील, हात चांगला असेल त्याचा. मला त्या दिवसापासून नाव छापलेलं डायल हातात धरवत नाही.

तर तू असं कर, केस घे, बेझल घे, हवं तसं काळं डायल घे पण कोरं घे, विकणारे त्याला स्टराइल डायल म्हणतात. आणि हो, सिकोचं मशीन आहे म्हणून सिकोचं नाव छापलेलं बाहेरचं डायल लावायचं हेही तेच झालं, त्यात फरक काही नाही, खरं डायल सिकोच्या घड्याळातून निघालेलं असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या पहिल्या घड्याळाच्या डायलवर काहीच नाही. दुसऱ्यावर मी सहाच्या आकड्याच्या वर बारीक अक्षरात 'सदाशिव पेठ' असं छापून घेतलंय, पेनांवर नावं टाकून देणाऱ्या पॅड प्रिंटिंगवाल्याकडून, त्यानं आधी चार खराब पत्र्यांवर ट्रायल घेतली आणि मग डायलला हात लावला. लोक मनगट धरून वाचतात ते आणि विचारतात हे कुणी केलं. तेव्हा मला 'मी' असं सांगता येतं, त्याचं मोल मला जास्त वाटतं.

प्रश्न: पहिल्यांदा जोडायला कुठलं मशीन घ्यावं? एनएच ३५, ३६, ३८ असे नंबर बघून गोंधळ होतो. काही जण म्हणतात स्विसच घ्या. आणि हत्यारं किती लागतात? (एक वाचक, ठाणे)

पहिल्यासाठी एनएच ३५, डोळे झाकून. २४ ज्वेल (चाकांची झीज थांबवणारे बारीक खडे), तासाला २१,६०० ठोके म्हणजे सेकंदाला सहा, पूर्ण चावी भरल्यावर ४१ तास चालतं, चावी बाहेर ओढली की सेकंद काटा थांबतो आणि हातानंही चावी देता येते. सिकोच्या जुन्या ७एस२६ मध्ये या शेवटच्या दोन्ही गोष्टी नव्हत्या. कंपनीनं सांगितलेली अचूकता दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद एवढी सैल आहे, पण प्रत्यक्षात बरीचशी मशीनं त्यापेक्षा बरी निघतात. साधारण तीन-चार हजारात मिळतं, बिघडवलंत तर हळहळ वाटेल पण कर्ज होणार नाही.

३६ म्हणजे तारीख आणि वार दोन्ही, ३४ म्हणजे दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा चौथा काटा, ३८ ला तारीखच नाही. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा जी मला कुणी सांगितली नव्हती: डायलला तारखेची खिडकी नसेल तर ३५ लावू नका, ३८ घ्या. नायतर चावी ओढताना मधे एक टप्पा लागतो जिथं आत तारीख फिरत असते आणि बाहेर काहीच दिसत नाही, आणि रोज हाताला ते जाणवत राहतं.

स्विसचं म्हणाल तर ईटीए २८२४ उत्तम मशीन, तासाला २८,८०० ठोके, काटा जास्त सरकता दिसतो. त्याचे पेटंट कधीच संपले, म्हणून स्वित्झर्लंडमध्येच सेलिटा कंपनीचं एसडब्ल्यू २०० आलं आणि चीनमध्येही त्याच रचनेची मशीनं बनतात, ती आपापल्या नावानं विकली तर पूर्ण कायदेशीर. नक्कल हा शब्द आपण सरसकट वापरतो म्हणून हे सांगतोय. चीनच्या तियानजिनमधल्या कारखान्यानं व्हीनस १७५ या स्विस क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेल्या) मशीनची यंत्रसामग्री रीतसर विकत घेतली, त्यातून १९६३ चं चिनी हवाई दलाचं घड्याळ आलं, आणि त्याच वंशातलं, त्याच कारखान्याच्या सीगल नावाचं एसटी १९ आजही मिळतं. त्याचं मागचं झाकण काचेचं ठेवा आणि तासभर नुसतं बघत बसा, एवढं देखणं मशीन आहे. पण ते पहिल्यांदा नको, तिसऱ्या-चौथ्या वेळी.

हत्यारांत चार गोष्टींत कंजूषी नको: आयग्लास, टोकदार चिमटा, काटे काढायच्या दोन पट्ट्या आणि काटे दाबायचं प्रेस. बाकी मशीन ठेवायचा होल्डर, हवा मारायचा रबरी फुगा, बोटांच्या टोप्या, धूळ उचलायची निळी-हिरवी पुटी हे स्वस्तात होतं. आणि नवं मशीन फोडायच्या आधी पुण्यात जुना बाजार आहे बुधवार-रविवारचा, मुंबईत चोर बाजार आहे, तिथून चार बंद पडलेली घड्याळं आणा आणि त्यांची डायल-काटे दहा-दहा वेळा काढून लावा. मी तेवीस वेळा काढलेत मोजून, चोविसाव्या वेळी डायलवर ओरखडा आला नाही.

प्रश्न: मी पहिलं घड्याळ जोडलं, खूप आनंद झाला, पण दोन त्रास आहेत. तारीख रात्री पावणेअकराला बदलते आणि घड्याळ रोज सव्वातीनच्या आसपास थांबतं, हलवलं की परत सुरू. मशीन खराब आलंय का? (एक वाचक, कोल्हापूर)

मशीन ठणठणीत आहे, काटे चुकलेत. आणि हे प्रत्येकाचं होतं पहिल्यांदा, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

तारखेचं सोपंय. काटे बसवायच्या आधी, म्हणजे नुसतं डायल बसवलेलं असताना, चावी वेळेच्या टप्प्यावर ओढायची आणि पुढच्या दिशेनं हळूहळू फिरवायची. तारखेची चकती आधी हलायला लागते, मग एका क्षणाला पूर्ण बदलून जागेवर बसते. तिथंच थांबायचं. ती मशीनची मध्यरात्र. आता तास काटा बरोबर बारावर, त्यावर मिनिट काटा बरोबर बारावर. पुढं गेलात म्हणून मागं फिरवून आणू नका, आतल्या दात्यांमधे थोडी सैल जागा असते आणि मागून आलं की तेवढा फरक पडतो, चोवीस तासांचा फेरा पुन्हा पुढूनच घ्या. कंटाळा येतो पण घ्या. तुम्ही बहुतेक डायल बसवलं आणि चावी जिथं होती तिथंच काटे बाराला लावले.

सव्वातीनचं जास्त गमतीशीर आहे. मिनिट काटा तास काट्याला दर फेरीत एकदा ओलांडतो, एकच्या पुढं साधारण १:०५ ला, मग २:११, मग ३:१६. तुमचं घड्याळ बरोबर त्या तिसऱ्या भेटीत अडकतंय. आता बघा, नुसता काटा वाकडा असता तर तो एक पाचलाही अडकला असता आणि दोन अकरालाही, प्रत्येक वेळी. फक्त तीनलाच अडकतोय म्हणजे भानगड तीनपाशी आहे, आणि तीनपाशी असते तारखेची खिडकी. तुमच्या डायलला खिडकीभोवती उंच चौकट आहे का? बाहेरच्या डायलांना असते कधी कधी. तास काट्याचं टोक त्या चौकटीवर घासून जरासं वर उचललं जातंय आणि वरून येणाऱ्या मिनिट काट्याला लागतंय. डोळ्यांना सरळ वरून हे दिसणार नाही. घड्याळ डोळ्यांच्या उंचीवर आडवं धरा, मागं पांढरा कागद ठेवा, आयग्लास लावा आणि चावीनं तीनपासून साडेतीनपर्यंत फिरवत बाजूनं बघा, काट्यांमधली उजेडाची फट बारीक होत होत बंद होताना दिसेल. तास काटा प्रेसनं केसभर वर-खाली करून बघा, नाही जमलं तर जरा आखूड तास काटा लावा. तोच खरा इलाज आहे, वाकवत बसू नका.

आणि सेकंद काटा. त्याच्या नळीचं भोक ०.२० मिलिमीटर असतं, मिनिटाचं ०.९०, तासाचं १.५०. तास आणि मिनिट काटे प्रेसनं बसतात, सेकंद काटा श्वास रोखून. आधी चिमट्यानं नुसता टेकवायचा, दोन्ही बाजूंनी बघायचं की उभा आहे, मग अगदी हलका दाब, बसल्याचं बोटाला कळतं. खाली होल्डर नसेल आणि जोरात दाबलात तर आतल्या चाकाचं टोक किंवा ज्वेल जातं, मग मात्र मशीन खरंच खराब.

एक राहिलंच, रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारीख झटपट बदलायच्या टप्प्यावर चावी फिरवू नका, तेव्हा तारखेचे दाते आधीच एकमेकांत गुंतलेले असतात.

प्रश्न: आमच्याकडे पावसात घड्याळाच्या काचेत आतून वाफ धरते. मी जोडलेल्या घड्याळाच्या झाकणावर २०० मीटर लिहिलंय तरीही. (एक वाचक, रत्नागिरी)

झाकणावरचा आकडा हा झाकण विकणाऱ्यानं कोरलेला आहे. तुम्ही जोडल्यावर ते घड्याळ कुणी दाबाच्या मशीनमधे घालून तपासलं का? नाही ना, मग सध्या तो आकडा शून्य धरा आणि हात धुतानाही जपा.

पाणी तीन ठिकाणांहून येतं, मागच्या झाकणाची रिंग, चावीच्या आतली रिंग आणि काचेभोवतीची. रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात हवा, चिकट लपका नको. पण तुमच्याकडे दुसरीही शक्यता आहे, कोकणातल्या जुलैत खिडकी उघडी ठेवून तुम्ही घड्याळ बंद केलंत तर ती दमट हवाच आत कोंडली गेलीय, मग रिंगा कितीही चांगल्या असोत. घरी तपासायची साधी रीत सांगतो: घड्याळ अंगाच्या तापापेक्षा जरा जास्त, चाळीस-पंचेचाळीस डिग्रीपर्यंत कोमट होऊ द्या, काचेवर साध्या पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा आणि पुसा. आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे. तसं असेल तर झाकण काढून घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात दोन दिवस ठेवा आणि एसीच्या खोलीत बंद करा. थांबू नका, आतल्या स्टीलच्या बारीक पार्टांना गंज लागायला फार दिवस लागत नाहीत.

प्रश्न: बाबांचं एचएमटी जनता माझ्याकडे आहे. डायल पिवळं पडलंय, पाचपाशी डाग आहे. दुकानदार म्हणतो पाचशे रुपयांत नवीन रंग मारून चकाचक करून देतो, हव्या त्या कलरमधे. करून घेऊ का? (एक वाचक, पुणे)

ताई, कृपा करून नका करू.

एचएमटीनं जपानच्या सिटिझनबरोबर बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला १९६१ मधे, आणि २०१६ मधे सरकारनं एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायचं ठरवलं. म्हणजे त्या काळचं कारखान्यातून निघालेलं खरं डायल आता नवीन येणार नाही. जे आहे तेवढंच आहे. तुमच्या बाबांच्या मनगटावर जे पिवळं पडलं ते डायल एकदा घासलं की गेलं.

आणि यात आपल्या मुंबईचं नाव गुंतलंय म्हणून मला जास्त लागतं. जगभरातले जुनी घड्याळं जमवणारे लोक एका प्रकाराला चक्क 'मुंबई स्पेशल' म्हणतात, म्हणजे जुनं सिको किंवा एचएमटी किंवा एखादं स्विस, डायल घासून भडक नवीन रंग, अक्षरं जाड आणि किंचित तिरकी, काटे एकाचे, चावी दुसऱ्याची, आणि 'जुनं पण नव्यासारखं' म्हणून ऑनलाइन विकलेलं. ते करणारा कारागीर हातानं हुशार असतो याबद्दल मला शंका नाही, बंद पडलेलं घड्याळ त्यानं चालू केलेलं असतं. पण घेणाऱ्याला सांगितलं जात नाही की हे रंगवलेलं आहे, तिथं सगळं बिघडतं. ओळखायचं असेल तर आयग्लासमधून अक्षरांच्या कडा बघा, कारखान्यातली छपाई कडेला धारदार असते, रंगवलेल्यात शाई पसरलेली किंवा जाड दिसते, मिनिटाच्या रेघा आणि आकड्यांची मधली रेघ जुळत नाही. जनतामधे देवनागरी आकड्यांची खरी डायलंही होती, त्यांना मागणी आली म्हणून आता तसली नवीन रंगवलेलीही खूप फिरतात, तेव्हा घेताना जपून.

तुमच्या घड्याळाला फक्त सर्व्हिसिंग करून घ्या. मशीन उघडून साफ, नवं तेल, काच अॅक्रिलिकची असणार ती पॉलिशनं स्वच्छ होते किंवा सहज बदलता येते. नुसती काच बदलली तरी घड्याळ दहा वर्षांनी लहान दिसतं. दुकानदाराला आधीच स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या, डायलला हात लावायचा नाही. काढलेला प्रत्येक जुना पार्ट पुडीत परत मागून घ्या.

प्रश्न: आजोबांचं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं स्विस घड्याळ सापडलं. आकड्यांवरचं रेडियम तपकिरी झालंय, अंधारात चमकत नाही. ते खरवडून नवीन रेडियम भरता येईल का? (एक वाचक, सातारा)

थांबा. खरवडू नका, उघडूही नका.

आपण मराठीत चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला रेडियम म्हणतो, गाडीवरच्या स्टिकरलासुद्धा, आणि त्यामुळे शब्दाची भीती निघून गेलीय. पण त्या काळातल्या घड्याळावर जे आहे ते बहुतेक खरंखुरं रेडियम असणार. तेव्हा रेडियम आणि झिंक सल्फाइड मिसळून रंग करत, रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड चमके. काही वर्षांत ते झिंक सल्फाइड मरतं आणि चमक जाते, रेडियम मात्र तिथंच असतं, त्याला निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. म्हणजे चमकत नाही याचा अर्थ निरुपद्रवी झालं असा अजिबात नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावी पहिल्या महायुद्धाच्या काळात मुली घड्याळांच्या डायलवर हा रंग भरायच्या, ब्रशला टोक यावं म्हणून ब्रश ओठांत धरायच्या, तसंच करायला त्यांना शिकवलेलं होतं. पुढं त्यांचे जबडे झिजले, हाडं मोडली, कित्येक जणी मेल्या, आणि वाचलेल्यांनी आजारी अवस्थेत कंपनीवर केस लढवली.

बंद घड्याळ काचेआड असताना धोका थोडा असतो, खरवडल्यावर उडणारी धूळ नाकातोंडात जाणं हे सगळ्यात वाईट. घट्ट डब्यात ठेवा, लहान मुलांच्या हाती देऊ नका, झोपायच्या खोलीत नको, आणि दुरुस्तीला दिलंत तर घड्याळवाल्याला 'यावर रेडियम आहे' हे उघडायच्या आधी सांगा. खूप जण सांगत नाहीत आणि तो बिचारा काचेवर फुंकर मारून बसतो.

नवीन घड्याळ जोडताना मात्र चमकणारा रंग बिनधास्त भरा, आताचा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा असतो, जपानच्या नेमोतो कंपनीनं १९९३ मधे आणला तो, उजेड पितो आणि अंधारात सोडतो, किरणोत्सर्ग नाही.

प्रश्न: झुरिकला असलेल्या जावयासाठी चांगली दिसणारी फर्स्ट कॉपी नेली तर चालेल का? एकच आहे, गिफ्ट. (एक वाचक, नवी मुंबई)

नका नेऊ. स्वित्झर्लंडमधे १ जुलै २००८ पासून कस्टमवाले प्रवाशाच्या सामानातलं, स्वतःच्या वापराचं, एकुलतं एक नकली घड्याळसुद्धा काढून घेऊ शकतात आणि नष्ट करतात. त्यातून घड्याळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यापेक्षा एचएमटीचं जुनं चांगल्या हालतीतलं घड्याळ न्या, जावयाच्या ऑफिसात कुणाकडे नसेल.

प्रश्न: जोडलेलं घड्याळ महिनाभर नीट चाललं, अचानक दिवसाला सहा मिनिटं पुढं जायला लागलं. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

चुंबक. मोबाइलच्या कव्हरचं, स्पीकरचं, पर्सच्या बटणाचं, कशाचं तरी. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे ठोके सांभाळणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेटोळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि ठोके भराभर पडतात. घड्याळ होकायंत्राजवळ न्या, सुई ओढली गेली तर नक्कीच. चुंबक काढायचं छोटं यंत्र स्वस्त मिळतं, बटण दाबून धरा, घड्याळ वर धरून हळूहळू हातभर लांब न्या आणि मगच बटण सोडा. जवळ असताना सोडलंत तर उलट जास्त चुंबक भरेल. एवढं करूनही पुढंच गेलं तर मग स्प्रिंगवर तेल लागलंय का ते बघावं लागेल, ते घरी नको.

प्रश्न: माझा अकरा वर्षांचा मुलगा तुमचा लेख वाचून घड्याळ उघडायचा हट्ट धरून बसलाय. परवा त्यानं भिंतीवरचं काढून ठेवलं. काय देऊ त्याला? (एक आई, सोलापूर)

त्याला मनगटी देऊ नका, त्याची बोटं आणि धीर दोन्हीला ते फार बारीक पडेल. चावीचं जुनं गजराचं घड्याळ शोधा, माळ्यावर नायतर भंगारवाल्याकडे मिळेल. एकच काम तुम्ही किंवा कुणी जाणत्यानं आधी करायचं, दोन्ही स्प्रिंगांची चावी पूर्ण उतरवायची, वेळेचीही आणि गजराचीही. गच्च भरलेली स्प्रिंग उघडताना सुटली तर बोट कापते, डोळ्यालाही लागू शकते, म्हणून चष्मा किंवा गॉगल लावूनच बसू दे त्याला.

मग फ्रीजमधला बर्फाचा ट्रे रिकामा करून द्या. पहिला स्क्रू पहिल्या खान्यात, दुसरा दुसऱ्यात, आणि प्रत्येक वेळी मोबाइलवर एक फोटो. जोडताना फोटो उलट्या क्रमानं बघायचे. पहिल्यांदा एखादा पार्ट उरेल त्याच्याकडे, तेव्हा ओरडू नका, तो कुठल्या खान्यातला ते त्यालाच शोधू द्या, आणि घड्याळ टिकटिकलं की मला कळवा. आणि त्याचा पत्ता पाठवा, माझ्याकडे एक जादा आयग्लास पडून आहे.